विलायची सावड

फुलं यंदा सगळ्यांच्या बागेत एकदम उघडली. एरवी असं होत नसे. ओढ्याकाठची सुनिमची बाग आधी फुलायची, मग रस्त्यालगतच्या बागा, आणि सगळ्यांत शेवटी डोंगराच्या कडेची पिल्होची. पांढरं हळूहळू वर चढत यायचं आणि माणसंही त्याच्या मागोमाग वर यायची. आज तुझ्याकडे, परवा माझ्याकडे. हानबाउ गावात सावड चालायची ती अशी, फुलांच्या पायरीपायरीनं. यंदा थंडी लवकर सरली, मध्येच भलतंच ऊन पडलं, आणि एका सकाळी पिल्हो अंगणात आला तर धुक्याखाली सगळं खोरं पांढरं झालेलं. धुकं कुठं संपतं आणि फुलं कुठं सुरू होतात ते त्याला कळेना. तो तसाच उभा राहिला. बघायला छान वाटत होतं, पण आता सगळ्यांना एकदमच हात लागणार होते.

नासपतीचं फूल टिकतं ते थोडेच दिवस. तेवढ्यात पराग लागला तर फळ धरायचं. पूर्वी हे काम मधमाश्या करायच्या. आता माणसं करतात, पिसांचा कुंचला घेऊन, एकेका फुलाला. झाडं डोक्याच्या वर ताणलेल्या तारांवर पसरलेली, त्यामुळे दिवसभर मान मागं आणि हात वर. संध्याकाळी हात खाली आणले तरी ते वरच आहेत असं वाटत राहतं.

"उघडली ना?" आतून त्याच्या बायकोचा, बोंग्नेचा आवाज आला.

"उघडली."

"सुनिमची पण?"

"सगळ्यांचीच."

बोंग्ने चौकट धरत दारात आली. तिच्या कंबरेला रुंद पट्टा होता. गेल्या वर्षी याच दिवसांत तिच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. पिल्हो इस्पितळातल्या बाकावर बसून होता आणि इकडे सुनिमनं त्यांची बाग एकटीनं उरकली होती. स्वतःची अर्धी बाग तशीच टाकून. नवरा गेलेली, अडुसष्ट वर्षांची बाई. शरदात तिच्या झाडांना जेमतेम निम्मी फळं होती, तरी ती काही बोलली नाही. त्या सावडीची फेड राहिली. आधी बोंग्नेचं दुखणं, मग पिल्होचा खांदा. राहिली ती राहिलीच.

मागच्या दारातून विलाय आली. हातात वाडगा, वाडग्यात पराग आणि गुलाबी भुकटी कालवलेली, म्हणजे कोणत्या फुलाला हात लागला आणि कोणत्या नाही ते दिसावं. तिच्या पापण्यांवरही गुलाबी बसलं होतं. ती लाओसची. मुलीला गावी ठेवून हंगामापुरती आलेली, तालुक्याच्या कार्यालयानं पिल्होच्या घराला दिलेली. डोक्यावर कार्यालयाचीच पिवळी टोपी. टोपीबरोबर नियमही आले होते, आणि त्यातला पहिला पिल्होला पाठ होता: या माणसानं फक्त याच बागेत काम करायचं.

"आबा, वरून करू का खालून?" तिनं विचारलं.

"खालून. वरची झाडं अजून एक दिवस थांबतील."

*

दुपारी सगळे समाजमंदिरात शेवया खायला जमले. फुलांच्या दिवसांत कोणी घरी रांधत नाही. बायका पातेल्याभोवती, पुरुष भिंतीला टेकून, सगळ्यांच्या कॉलरमध्ये पाकळ्या.

गावचा मुख्य ग्वांतक, स्वतःही साठी ओलांडलेला, पण इथे तो तरुणांतच मोडायचा. तो म्हणाला, "तालुक्याला पुन्हा लिहिलंय. अजून माणसं द्या म्हणून."

"आण, आण," म्हातारा जोंगदो वाटीतून मान वर न काढता म्हणाला. "गाव भर सगळं. उद्या माझ्या थडग्यावरचं गवतसुद्धा परकी माणसंच कापतील."

"तुमचा मुलगा तरी कुठं येतो कापायला?" पातेल्यापाशी बसलेली एक बाई म्हणाली. "मागच्या सणाला भाड्याचा माणूस पाठवला होता ना?"

सगळे हसले. जोंगदोही हसला, मग त्यानं चॉपस्टिक खाली ठेवल्या. "हसा. मी वाईट बोलत नाहीये. पण दर वर्षी नवा चेहरा. नाव तोंडात बसतं तोवर ती जातात. त्यापेक्षा राहूच द्या म्हणावं. घर द्या, पोरंबाळं येऊ देत. आपली शाळा बंद पडलीय, तिचं कुलूप निघेल."

"असं कसं?" ग्वांतक म्हणाला. "सरकारला भीती वाटते, राहिली तर जाणार नाहीत."

"राहिली तर जाणार नाहीतच. राहणं म्हणजे दुसरं काय?"

"त्यांना हात पाहिजेत," पातेल्यापाशी डाव धरलेली सुनिम म्हणाली. "हाताला चिकटून माणूस येतं, ते नकोय."

तिनं पिल्होकडे पाहिलं नाही. तिनंही यंदा माणूस मागितला होता. बाग लहान, बसत नाही नियमात, असं उत्तर आलं होतं. पिल्होच्या वाटीत तिनं शेवया घातल्या, वर किमची ठेवली, आणि दुसऱ्याकडे वळली. तिनं फेड मागितली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पण सावडीतलं कोणी मागत नाही. ज्यानं द्यायची त्यानंच उठून जायचं असतं.

कोणीतरी बातम्या लावल्या. सोमवारी संध्याकाळी पाऊस सांगितला होता; तो पडला की फुलं संपली. सगळ्यांनी वाट्या उचलल्या.

*

शनिवारी सकाळी तो विलायला घेऊन ओढ्याकाठी उतरला. ती टोपी काढू का म्हणाली. तो म्हणाला, काढ. मग त्याची त्यालाच लाज वाटली, चोरासारखी.

सुनिम स्टुलावर उभी होती, तोंडाला फडकं बांधून. एवढ्या झाडांत ती एकटी म्हणजे अंगणात विसरलेल्या कपड्यासारखी दिसत होती.

"वहिनी," तो खालून म्हणाला, "गेल्या वर्षीचं राहिलंय. विलायला आणलंय. आज दिवसभर ठेवून घ्या."

सुनिमनं फडकं खाली ओढलं. विलायकडे बघून हसली, मग पिल्होकडे बघितलं तेव्हा हसू नव्हतं.

"भाऊजी, गेल्या वर्षी मी तुमच्याकडे कोणाला पाठवलं होतं?"

"कोणाला म्हणजे? तुम्हीच आला होतात."

"माझा हात, माझी मान. बोंग्ने आडवी पडली म्हणून मी उभी राहिले. त्याच्या बदल्यात तुम्ही मला पगारी माणूस देताय? हिचा दिवस तुम्ही विकत घेतलाय. विकत घेतलेलं सावडीत चालत नाही, हे तुम्हाला मी सांगायचं?"

"माझा खांदा..."

"खांद्याचं मला माहीत आहे. म्हणून मी गप्प होते ना. गप्पच बसू द्यायचं होतं मला." ती विलायकडे वळली. "पोरी, तुझ्यावर राग नाही हं. जा घरी. तुझी झाडं उघडलीत."

दोघं चढण चढू लागली. धुकं विरत होतं. पिल्होला वाटलं, आपण पुढं जात नाही, बागाच सावकाश मागं सरकतायत. विलाय दोन पावलं मागून येत होती.

"आबा, आमच्या गावात पण असं आहे," ती म्हणाली. "भात लावताना. आज आम्ही तुझ्याकडे, उद्या तू आमच्याकडे. पैसे नाही. जेवण."

"सगळीकडेच असेल."

"मग एक विचारते. मी आज तिथं काम केलं असतं, तर आजी कोणाचं देणं लागली असती? तुमचं, का माझं?"

पिल्हो थांबला. त्याला वाटलं, उत्तर सोपं असावं.

"चल," तो म्हणाला. "ऊन होतंय."

विलायला तिच्या ओळीत सोडून तो एकटाच पुन्हा खाली उतरला. सुनिमनं त्याला कुंचला दिला. पहिला तास बरा गेला. कुंचला फुलाला टेकवायचा, हलकेच फिरवायचा, पुढचं फूल. मग उजवा खांदा जळायला लागला, म्हणून त्यानं डावा हात लावला; डाव्याला नेमकं फूल सापडेना. सुनिमनं कुंचला लांब काठीला बांधून दिला. काठी थरथरली आणि पराग फुलाऐवजी त्याच्या कपाळावर सांडला.

"छान," ती म्हणाली. "तुम्हालाच फळ धरेल आता."

दुपारपर्यंत त्याला वर बघून बघून सगळं पांढरंच दिसू लागलं. त्या पांढऱ्यात मधूनच सुनिमचा नवरा दिसायचा. तो आणि पिल्हो बरोबरीचे, शाळेपासूनचे. पलीकडच्या ओळीत स्टुलावर उभा, नेहमीसारखा शीळ घालत. पिल्होला त्यात काही नवल वाटलं नाही. त्याला एवढंच वाटलं, की हा आहे तर ती ओळ होईल. मग डोळे चोळले की तिथं फुलं असायची, कोरी, गुलाबी न लागलेली.

संध्याकाळी हात खांद्यापासून उचलवेना. सुनिमची निम्मी बाग तशीच होती.

"झालं, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही आलात, फिटलं."

"नाही फिटलं."

"मी म्हणते ना फिटलं. उद्या येऊ नका. मला तुमची काठी आवरायला वेळ नाही."

*

रविवार विलायच्या सुट्टीचा. पिल्हो सकाळी खांद्याला गरम मिठाची पुरचुंडी लावून पडला होता. अर्धवट झोपेत फाटक वाजलं. मग बोंग्नेचा आवाज, दुसरा एक बाईचा आवाज, तरुण, नम्र.

"सहज आले होते आजी. सगळ्या बागा फिरतेय. विलायची सुट्टी ना आज? खोलीत आहे का?"

"खोलीत कशाला असेल?" बोंग्नेचा आवाज मोकळा होता, गेल्या वर्षभरात नव्हता इतका. "सुनिमच्या सावडीला गेलीय. आपणहून उठून गेली हो पोर. आम्ही कोणाचं ठेवत नाही, बाई. गावात विचारा कोणालाही."

पिल्हो उठून बसला. मीठ अंथरुणावर सांडलं. ओसरीवर तालुक्याच्या कार्यालयातली, दो आडनावाची बाई उभी होती, गळ्यात ओळखपत्र, आणि बोंग्ने तिला बार्लीचा चहा ओतून देत होती. बोंग्नेनं नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि किटली तिच्या हातात तशीच राहिली.

"मी काय बोलले?" ती म्हणाली.

"चला आजोबा," दो बाई हळूच म्हणाली. "आपण दोघं जाऊन येऊ."

उतरताना ती दोनदा थांबली, तो मागं पडू नये म्हणून. वाटेत एवढंच म्हणाली, "माझ्या आईची पण झाडं आहेत. आज तिथं कोणी नाही. मी इथं आहे ना."

सुनिमच्या बागेत मधल्या वेळचं खाणं चाललं होतं. झाडाखाली चटई, कांद्याची धिरडी, तांदळाची पांढरी दारू, आणि एका वेताच्या टोपलीत विलायनं स्वतः वाफवून आणलेला चिकट भात. विलायनं पिवळी टोपी घातली नव्हती. फुलाफुलांचा स्वतःचा रुमाल बांधला होता. ती भाताचा मुटका करून सुनिमच्या हातावर ठेवत होती आणि सुनिम म्हणत होती, "असा हातानं? माझ्या सासूनं पाहिलं असतं तर मला घरातनं काढलं असतं." दोघी हसत होत्या. वरच्या ओळी गुलाबी झाल्या होत्या, जवळजवळ सगळ्या.

दो बाईला पाहून सुनिम उठली. "या, बसा. खा."

"विलाय," दो बाई म्हणाली, "तुला इथं कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. आज माझी सुट्टी. मी माझी आले."

"पैसे?"

"पैसे कसले?" सुनिम म्हणाली. "मी तिला सकाळी विचारलं, तुला काय हवं? ती म्हणाली, आजी, हा दिवस आबांचा नाही, माझा आहे. तुम्ही मला द्यायचा परत. म्हणजे आमची दोघींची सावड. त्यात तुमचा नियम कुठं आडवा येतो?"

दो बाई चटईच्या कडेवर बसली. बूट न काढताच बसली हे तिच्या लक्षात आलं, मग तिनं ते काढले. "आजी, सावड म्हणून काही नाहीये नियमात. काम आहे आणि काम नाही, एवढंच आहे. ती दुसऱ्याच्या बागेत कुंचला धरून उभी होती. आपणहून आली असेल तर परवानगी तिनं मोडली. मग तिला परत जावं लागेल, आणि पुन्हा येता येणार नाही." ती पिल्होकडे न बघता पुढं बोलली. "मालकानं पाठवली असेल तर चूक मालकाची. ती हंगाम पुरा करील. पुढंही येईल, दुसऱ्या घरी. त्या घराला मात्र यापुढं माणूस मिळणार नाही."

"आणि मला काय शिक्षा?" सुनिम म्हणाली. "माझं काय काढून घ्याल? मला तर दिलंच नाही तुम्ही काही."

वारा नव्हता, तरी पाकळ्या पडत होत्या. पिल्होला सगळं फार लांबून ऐकू आल्यासारखं वाटलं. पुढच्या वसंतात तो स्टुलावर एकटा उभा आहे, हात वर जात नाही, वर सगळं पांढरं, आणि खाली बोंग्ने पट्टा आवळून कुंचला शोधतेय. हे त्याला एका क्षणात दिसलं, अगदी निवांतपणे.

"मी पाठवली," तो म्हणाला.

"खोटं," विलाय म्हणाली.

"मी पाठवली. कालही घेऊन आलो होतो. वहिनींना विचारा."

"काल वेगळं. आज मी..."

"गप्प बस." त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "मालक कोण आहे, तू का मी? मी सांगितलं म्हणून तू आलीस. उचल टोपली."

विलायच्या हातात अर्धा मुटका होता. तिनं तो टोपलीत परत ठेवला, टोपलीचं झाकण लावलं. तिचे कान लाल झाले होते. अशा आवाजात तो तिच्याशी कधी बोलला नव्हता, कोणाशीच बोलला नव्हता. दो बाईनं कागद काढला आणि त्यानं तो न वाचता सही केली.

*

संध्याकाळी विलाय जेवायला आली नाही. बोंग्ने तिच्या खोलीच्या दाराशी दोनदा जाऊन आली. "माझी जीभ छाटायला पाहिजे," ती म्हणत राहिली. पिल्हो म्हणाला, असू दे. तो स्वतः दाराशी गेला तेव्हा विलाय उंबऱ्यावर बसून कुंचले धूत होती. पाणी गुलाबी झालं होतं.

"तू परत गेली असतीस," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तुझी मुलगी..."

"माहीत आहे, आबा. तुम्ही चांगलं केलं." तिनं कुंचला झटकला. "पण इथं सगळे दिवस तुमचे. जेवण तुमचं, टोपी तालुक्याची. एक दिवस माझा होता. मी तो दिला होता. तुम्ही घेतला, तुमच्या नावावर लिहिला. आता आजी माझं काही लागत नाही."

त्याला म्हणायचं होतं, कागदावर लिहिलं म्हणून काय झालं. पण गेलं वर्षभर तो सावडीच्या ज्या देण्यापायी मान खाली घालून चालला होता, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं, आणि आता जे लिहिलं होतं ते खोटं होतं. तो आत गेला.

*

सोमवारी उजाडता उजाडता फाटक वाजलं. सुनिम होती. डोक्याला फडकं, काखेत स्वतःचं स्टूल, हातात स्वतःचा कुंचला.

बोंग्ने पट्ट्यासकट धडपडत ओसरीवर आली. "अगं, तू कशाला? फिटलं म्हणालीस ना यांना?"

"फिटलं की. तुमच्याकडे नाही आले मी." सुनिम अंगणातूनच सरळ मागच्या खोलीकडे गेली आणि दार ठोठावलं. "विलाय, ए विलाय. उठलीस का? तुझ्या ओळी कोणत्या?"

विलाय पिवळी टोपी हातात घेऊन बाहेर आली. "माझ्या ओळी?"

"आज यांनी तुला कोणत्या दिल्यात?"

"वरच्या टप्प्यावरच्या. सगळ्या."

"मग त्या मी करते. काल तू माझ्या केल्यास ना? कोणी काय सही केली ते मला माहीत नाही, मला वाचायला चष्मा लागतो. तू बस आज."

विलाय पिल्होकडे बघायला लागली. पिल्हो सुनिमकडे. आज संध्याकाळी पाऊस येणार होता. वरचा टप्पा मोठा, झाडं जुनी, फांद्या उंच. तिघांनी केला असता तर झाला असता. दोघं म्हातारे, त्यातला एक खांद्यानं अधू, यांना तो होणार नव्हता, हे सुनिमलाही ठाऊक होतं.

"वहिनी," तो म्हणाला, "तिला पण घेऊ या ना बरोबर. तिघं मिळून..."

"मग ती सावड कसली? तो तर तुमचाच दिवस झाला पुन्हा." तिचा आवाज चढला नव्हता. "सांगा, भाऊजी. तुम्ही म्हणाल तसं. बाग तुमची आहे."

बोंग्ने खांबाला धरून उभी होती. ओढ्याकडून धुकं वर येत होतं.

"विलाय," पिल्हो म्हणाला, "बस तू."

पण तिला बसता येईना. आधी ती पाण्याचा डबा घेऊन वर आली. मग पराग कालवून आणला. सुनिम स्टुलावरून ओरडली, "ज्याची सावड त्यानं खायला आणायचं असतं. तेवढं कर. बाकी कशाला हात लावलास तर मी घरी जाईन." तेव्हा ती खाली गेली, आणि ऊन वर आल्यावर वेताची टोपली आणि वाफाळलेला भात घेऊन आली. तिनं चटई अंथरली, दोघांना वाढलं, आधी सुनिमला. सुनिमनं हातानं मुटका केला, नीट जमला नाही, तिनं तो तसाच खाल्ला. पिल्होलाही वाढलं. त्याच्या हातावर भात ठेवताना विलायनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं.

मग दोघं पुन्हा वर बघायला लागली. पिल्होनं खांद्याला पट्टी गुंडाळली होती. पाच फुलं, मग हात खाली. पाच फुलं, मग हात खाली. पलीकडच्या ओळीत सुनिमचं स्टूल सरकल्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही. दुपार कधी कलली ते त्याला कळलं नाही. एकदा वळून पाहिलं तर विलाय चटईवर कुशीवर झोपली होती, गुडघे पोटाशी, रुमाल सैल झालेला. तिच्या केसांत आणि कानाच्या पाळीवर पाकळ्या पडल्या होत्या. झोपेतही तिचा एक हात वर होता, डोक्याच्या मागं, बोटं अर्धवट मिटलेली.

वारा फिरला. डोंगराच्या पलीकडून ढग आले, दाट, सावकाश. वरच्या टप्प्यावर तीन ओळी राहिल्या होत्या, एकाही फुलाला गुलाबी लागलेलं नाही. ती आत्ता उठली असती तर दोन झाल्या असत्या. कदाचित अडीच. पिल्हो स्टुलावरून उतरला आणि चटईपर्यंत गेला. तिथं उभा राहिला. त्याला वाटलं, सुनिम काहीतरी म्हणेल. सुनिमनं कुंचला थांबवला होता. ती त्याच्याकडे फक्त बघत होती.

त्यानं वाकून चटईचा वाऱ्यानं उडणारा कोपरा विलायच्या पायांवर घेतला, आणि स्टूल उचलून राहिलेल्या तिन्हींतल्या पहिल्या ओळीपाशी गेला.